तातडीची गर्भनिरोधक गोळी: परिणाम आणि सुरक्षितता, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी औषधांचे दुकान चालवते. या गोळीविषयीचे प्रश्न माझ्या काउंटरवर मोठ्याने क्वचितच विचारले जातात. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नसल्याचे पाहून घडी घातलेली चिठ्ठी पुढे सरकवली जाते, किंवा डोकेदुखीची गोळी घेऊन झाल्यावर पैसे देता देता दबक्या आवाजात "ती बहात्तरवाली पण द्या" असे सांगितले जाते. पाकीट मुठीत येताच बाई पायरी उतरून निघून जाते आणि जे विचारायचे होते ते मनातच राहते. असे राहून गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम या गोळीला धरून आहेत, कारण आपल्याकडे मेडिकलवर आणि सरकारी केंद्रांत तीच मिळते.

ही गोळी रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांपेक्षा वेगळी कशी?

औषध नवे नाही, मात्रा वेगळी आहे. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या एका गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असते आणि त्यासोबत इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक असते. तातडीच्या गोळीत केवळ लेव्होनॉरजेस्ट्रेल असते, मात्र ते १.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट, आणि एकदाच घ्यायचे असते. पूर्वी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घ्याव्या लागत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दोन्ही मात्रा एकाच वेळी घेतल्या तरी परिणाम तितकाच मिळतो असे दिसले, आणि त्यानंतर एका गोळीचे पाकीट रूढ झाले. जुन्या पद्धतीचे दोन गोळ्यांचे पाकीट हाती आले, तर दोन्ही गोळ्या एकदमच घ्याव्यात. दुसऱ्या गोळीसाठी बारा तास थांबून ती विसरण्याचा धोका पत्करण्याचे काही कारण नाही.

७२ तास म्हणजे नेमके काय?

या आकड्याचा जितका गैरसमज झाला आहे तितका दुसऱ्या कशाचाही झालेला नाही, म्हणून येथे थोडे थांबते. पुष्कळ स्त्रिया, आणि त्यांच्याहून अधिक पुरुष, असे धरून चालतात की गोळी घेतल्यावर पुढचे ७२ तास संरक्षण मिळते. ते चूक आहे. गोळी मागे घडून गेलेल्या संबंधासाठी असते आणि पुढील संबंधांपासून ती संरक्षण देत नाही. दुसरा गैरसमज असा की ७२ तास हातात आहेत, तेव्हा तिसऱ्या दिवशी घेतली तरी बिघडत नाही. तेही चूक आहे. ७२ तास ही या गोळीची नेहमीची हद्द आहे, आणि त्या हद्दीपर्यंत जाईतो गोळीचा परिणाम कमी होत जातो.

समजा, शनिवारी रात्री ११ वाजता संबंध आला आणि निरोध फाटला. रविवारी गावातील मेडिकल बंद म्हणून सोमवारी बाजाराला जाताना घेऊ असे ठरवले आणि सकाळच्या एसटीने तालुक्याला पोहोचून ११ वाजता गोळी घेतली, तर ३६ तास उलटून गेलेले असतात. मंगळवारी रात्री ११ वाजता ७२ तास पूर्ण होतात. तेव्हा दिवस न मोजता तास मोजावेत. गोळी मिळाली की तीच वेळ योग्य. जेवणानंतर, रात्री झोपताना किंवा उपास सुटल्यावर घेऊ असे म्हणून ती पर्समध्ये ठेवू नये.

ती कितपत खात्रीची आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास एरवी राहिली असती अशी सुमारे ९५ टक्के गर्भारपणे टळली. २५ ते ४८ तासांत घेतल्यास ८५ टक्के आणि ४९ ते ७२ तासांत घेतल्यास ५८ टक्के टळली. पुढील सगळ्याच अभ्यासांत हे आकडे तंतोतंत असेच आले नाहीत, परंतु लवकर घेण्यातच शहाणपण आहे हा निष्कर्ष कायम राहिला.

९५ टक्के याचा अर्थ शंभरातील पाच जणींना दिवस राहतात असा मात्र होत नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत एकदाच असुरक्षित संबंध आलेल्या शंभर स्त्रियांनी काहीच केले नाही, तर त्यांतील साधारण आठ जणींना दिवस राहतात. गोळी घेतल्यास ही संख्या एक-दोनवर येते. म्हणजे गोळी उपयोगी आहे, पण ती हमी देत नाही, आणि ती न देण्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

ही गोळी शरीरात काय करते? यामुळे गर्भपात होतो का?

नाही, या गोळीने गर्भपात होत नाही. प्रत्येक पाळीचक्रात अंडाशयातून साधारणपणे एक स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते जेमतेम १२ ते २४ तास टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून सोमवारच्या संबंधातून शुक्रवारीही गर्भ राहू शकतो. मधल्या काळात शुक्राणू वाट पाहत असतात आणि स्त्रीबीज यायचे असते. लेव्होनॉरजेस्ट्रेल ह्याच मधल्या काळात काम करते. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा इशारा मेंदूतून यायच्या आत ते पोटात गेले, तर बीज बाहेर पडणे थांबते किंवा काही दिवस लांबते, आणि तोवर शुक्राणू निकामी होऊन जातात.

तो इशारा सुटलेला असेल किंवा बीज आधीच बाहेर आलेले असेल, तर गोळीला करण्यासारखे काही उरत नाही. वेळेवर घेऊनही काही जणींना दिवस राहतात ते प्रामुख्याने यामुळेच. त्यात त्या स्त्रीची चूक नसते आणि बहुधा गोळीही नकली नसते. पाळीचा कोणता दिवस चालू आहे यावरून बीज कधी येईल याचा नेमका अंदाज बांधता येत नाही. उन्हात राबणे, आजारपण किंवा काळजी यांनी ते पुढे-मागे होते. म्हणून "माझे दिवस सुरक्षित होते" असे मानून गोळी टाळणे धोक्याचे ठरते.

आधीच दिवस राहिलेले असताना चुकून गोळी घेतली गेली तर?

राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही आणि त्याला इजाही होत नाही. गोळी घेऊनही दिवस राहिले आणि मूल हवे असेल, तर गोळीपायी बाळात व्यंग येईल या भीतीने गर्भ पाडण्याची आवश्यकता नाही. आजवरच्या अभ्यासांत असा धोका दिसलेला नाही.

मग गर्भपाताच्या गोळ्या त्या कोणत्या?

त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या दोन औषधांच्या त्या गोळ्या राहिलेला गर्भ पाडण्यासाठी असतात आणि त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. नावांतील साम्यामुळे येथे गोंधळ होतो. बाजारात एकाच नावाला वेगवेगळे आकडे किंवा शब्द जोडलेली पाकिटे असतात: एक रोज घ्यायचे, एक तातडीचे, एक गर्भपाताचे. काही वर्षांपूर्वी एक तरुण दुसऱ्या एका दुकानातून आणलेले पाकीट घेऊन माझ्याकडे आला आणि "पाच गोळ्या एकदम घ्यायच्या का?" असे विचारू लागला. आदल्या रात्री निरोध फाटला होता, एवढेच घडले होते. त्याच्या हातात गर्भपाताचे किट होते. त्याला दुकानात जे मागायचे होते ते त्याने अर्धवट शब्दांत मागितले होते आणि देणाऱ्यानेही विचारपूस न करता दिले होते. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव वाचून थांबू नये, खालची बारीक अक्षरेही वाचावीत. तेथे लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असे लिहिलेले हवे आणि आत एकच गोळी हवी. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

गोळी घेतल्यावर कोणता त्रास होतो?

मळमळ, चक्कर, डोके दुखणे, थकवा, ओटीपोटात दुखणे आणि स्तन जड किंवा दुखरे होणे असे त्रास काही जणींना होतात व साधारणपणे एक-दोन दिवसांत आपोआप थांबतात. अनेकींना काहीच त्रास होत नाही. तसे झाले म्हणून गोळी लागू पडली नाही असे समजू नये.

पाळीविषयी मात्र नीट समजून घेतले पाहिजे. गोळीनंतर मध्येच थोडे अंगावरून जाऊ शकते किंवा डाग दिसू शकतात. पुढची पाळी काही दिवस अलीकडे किंवा पलीकडे येते आणि बहुतेकींना ती ठरल्या तारखेच्या आठवडाभराच्या आसपास येते. त्या वेळी रक्तस्राव नेहमीपेक्षा कमी-जास्तही असू शकतो. गोळीनंतर चार-पाच दिवसांनी डाग दिसले की "मोकळी झाले" असे मानण्याची पद्धत आहे, ती योग्य नव्हे. त्या डागांवरून दिवस राहिले नाहीत असे ठरत नाही. उलट, काहीच डाग दिसले नाहीत म्हणून घाबरण्याचेही कारण नसते.

या गोळीने पिशवी खराब होते का? पुढे मूल राहत नाही का?

नाही. हे औषध काही दिवसांत शरीरातून निघून जाते. गर्भाशयाला म्हणजे पिशवीला त्याने सूज येत नाही, जखम होत नाही, गाठ होत नाही आणि कर्करोगही होत नाही. पुढच्या चक्रात तर सोडाच, त्याच चक्रात उशिरा बीज बाहेर पडून दिवस राहू शकतात. यावरून पुढे मूल होण्याची क्षमता शाबूत राहते हे स्पष्ट होते.

हा प्रश्न आपल्या भागात इतक्या काकुळतीने का विचारला जातो हे मला ठाऊक आहे. पिशवीविषयीची भीती येथे जुनी आणि खोल आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात मांडला गेला आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत पोट दुखणे अशा तक्रारींसाठी पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला मिळालेल्या कितीतरी स्त्रिया या भागात आहेत. कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर वाहणे आणि वेळेवर उपचार न मिळणे ही त्या दुखण्यांची कारणे बाजूला राहतात आणि "गोळ्या खाल्ल्या म्हणून पिशवी सडली" असा ठपका बाईवरच येतो. या भीतीने गोळी टाळून नको असलेले दिवस राहिले आणि मग चोरून, अर्धवट ज्ञान असलेल्या माणसाकडून ते पाडून घेतले, तर पिशवीला आणि जिवाला खरा धोका तेथे होतो.

कोणी ही गोळी घेऊ नये?

दिवस राहिले असल्याची खात्री असेल तर ती निरुपयोगी आहे, आणि या औषधाची पूर्वी ॲलर्जी आली असेल तर ती टाळावी. याखेरीज जवळपास कोणालाही मनाई नाही. रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, हृदयविकार असलेल्या स्त्रिया किंवा इस्ट्रोजेन असलेल्या रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेल्या स्त्रियादेखील ही एक मात्रा घेऊ शकतात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते आणि बाळाचे दूध तोडावे लागत नाही.

क्षयाची औषधे चालू असतील तर?

हा प्रश्न मला कोणी आपणहून विचारत नाही, मलाच विचारावा लागतो, आणि म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते. टीबीच्या औषधांतील रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला इतके कामाला लावते की लेव्होनॉरजेस्ट्रेलचा निचरा फार लवकर होतो आणि नेहमीची मात्रा अपुरी पडते. ज्या गोळ्यांनी लघवी लालसर-नारिंगी होते त्यांत रिफॅम्पिसिन असते, ही घरच्या घरी ओळखण्याची खूण आहे. फिट्ससाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे आणि एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ यांचाही असाच परिणाम होतो. ही औषधे बंद केल्यानंतरही साधारण चार आठवडे तो टिकतो.

अशा वेळी सर्वांत खात्रीचा उपाय तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, हा आहे. ती बसवणे शक्य नसेल तर दुप्पट मात्रा, म्हणजे १.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम घेण्याचा सल्ला दिला जातो. ब्रिटनमध्ये २०१६ पासून तसा अधिकृत सल्ला आहे. तो निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा, मात्र विचारण्यात दिवस घालवू नये. आणि कोणत्याही परिस्थितीत, गोळी लागू पडावी म्हणून टीबीचे किंवा फिटचे औषध मध्येच थांबवू नये.

वजन जास्त असेल तर गोळी लागू पडत नाही, हे खरे का?

वजन साधारण ७० किलोच्या पुढे असल्यास परिणाम कमी होत असावा असे काही अभ्यासांत दिसले आहे. अशा स्त्रीला तांबी अधिक भरवशाची ठरते. परंतु तांबी मिळण्यासारखी नसेल तर वजनाकडे पाहून गोळी नाकारू नये, ती घ्यावीच.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?

दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी लगेच घ्यावी. दोन तासांनंतर झाली तर पुन्हा घेण्याची आवश्यकता नाही.

कच्ची पपई, तीळ-गूळ, काढा यांनी काम होत नाही का?

होत नाही. संबंधानंतर आतून धुऊन घेणे, लगेच लघवीला जाणे किंवा उड्या मारणे यांनीही होत नाही, कारण शुक्राणू काही मिनिटांतच पुढे सरकलेले असतात. यातील बहुतेक उपाय निरुपद्रवी वाटतात, परंतु "आधी हे करून पाहू, नाही जमले तर गोळी" असे म्हणण्यात जो एक दिवस जातो तोच महत्त्वाचा असतो.

तीन दिवस उलटून गेले असतील तर?

लेव्होनॉरजेस्ट्रेल पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत घेता येते, पण तोवर तिचा भरवसा बराच उतरलेला असतो. युलिप्रिस्टल अॅसिटेट ३० मिलिग्रॅम ही दुसरी गोळी पाच दिवसांपर्यंत चांगली लागू पडते, पण आपल्याकडे ती सहजासहजी हाती येत नाही.

पाच दिवसांच्या आतला सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे तांबी, अर्थात कॉपर-टी. ती ९९ टक्क्यांहून अधिक वेळा गर्भधारणा टाळते, तिच्यावर वजनाचा किंवा टीबीच्या औषधांचा परिणाम होत नाही, आणि प्रकारानुसार पुढे पाच किंवा दहा वर्षे संरक्षणही मिळते. हवे तेव्हा काढूनही घेता येते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येथे ती विनामूल्य बसवली जाते. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही प्रशिक्षित सिस्टर ती बसवतात. पोहोचल्यावर "संबंधाला इतके दिवस झाले आहेत, म्हणून आजच बसवायची आहे" असे स्पष्ट सांगावे, नाहीतर पाळी आल्यावर या असे सांगून परत पाठवले जाण्याची शक्यता असते.

महिन्यात दोन-तीनदा घेतली तर धोका आहे का?

जिवाला धोका नाही, आणि आधी घेतली होती म्हणून पुन्हा गरज पडल्यावर टाळण्याचेही कारण नाही. परंतु वारंवार घेतल्याने पाळी विस्कळीत होते आणि मग दिवस राहिले की पाळी लांबली हे कळेनासे होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वर्षभराचा हिशेब केला तर रोजच्या गोळ्या, इंजेक्शन किंवा तांबी यांच्या तुलनेत ही गोळी फार कमी पडते. नवरा निरोध वापरायला तयार नसतो आणि दर आठवड्याला हिला मात्र पाकीट आणायला पाठवतो, असे मी पाहिले आहे. तिला गोळी देताना मी तांबीविषयी सांगते, कारण ती बसवलेली आहे हे बाहेरून कोणाला दिसत नाही.

एकदा गोळी घेतल्यावर उरलेल्या महिन्यात काय करावे?

गोळीने बीज बाहेर पडणे लांबणीवर टाकलेले असते, रद्द केलेले नसते. त्यामुळे त्याच महिन्यात पुढे आलेला असुरक्षित संबंध अधिकच जोखमीचा ठरतो. पाळी येईपर्यंत निरोध वापरावा, किंवा रोजच्या गोळ्या त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी सुरू कराव्यात आणि पहिले सात दिवस सोबत निरोध ठेवावा. सरकारी केंद्रांत माला-एनखेरीज, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा हे इंजेक्शन आणि छाया ही संप्रेरकविरहित गोळी विनामूल्य मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिच्यातील औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले आहे.

ऊसतोडीला जाताना ही गोळी सोबत ठेवता येते का?

ठेवावीच, असे माझे मत आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले जोडपे सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने फडावर राहते. कोपीपासून, म्हणजे फडावरच्या झोपडीपासून, मेडिकल कित्येक किलोमीटर दूर असते, गाव अनोळखी असते, आणि दवाखान्यासाठी एक दिवस गेला की उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, खाडा कापला जातो. अशा ठिकाणी ७२ तास केव्हा निघून जातात ते कळत नाही. जवळ गोळी असल्याने स्त्रिया बेफिकीर होतात अशी शंका घेतली जाते. अभ्यासांत तसे दिसलेले नाही, फक्त गरज पडली तेव्हा त्यांनी ती लवकर घेतली.

पाकिटावर साठवणीचे तापमान आणि मुदतीची तारीख छापलेली असते. बहुतेक पाकिटांवर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून पत्र्याखालच्या पेटीत, चुलीशेजारी किंवा ट्रॅक्टरच्या डब्यात पाकीट ठेवू नये. माठाजवळच्या कोनाड्यासारख्या सावलीच्या पण कोरड्या जागी ठेवावे आणि मूळ वेष्टनातून गोळी काढून ठेवू नये. मुदत संपलेली गोळी वापरू नये.

चिठ्ठी लागते का? लग्न झालेले नसेल, वय कमी असेल तर मिळते का?

ही गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ईझी पिल या नावाने सरकारी पुरवठ्याची गोळी विनामूल्य किंवा अगदी नाममात्र किमतीत मिळते. लग्नाचा दाखला, नवऱ्याची संमती किंवा आधार कार्ड मागण्याचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही. "घरच्यांना घेऊन या" असे सांगून एका मुलीला एका दुकानातून परत पाठवल्याचे मला ठाऊक आहे. ती माझ्यापर्यंत पोहोचली तेव्हा दोन दिवस वाया गेले होते.

वैद्यकीयदृष्ट्या वयाची अट नाही, पाळी सुरू झालेल्या कोणत्याही मुलीला ही गोळी सुरक्षित आहे. मात्र १८ वर्षांखालील मुलीशी आलेला संबंध, लग्न झालेले असले तरी, बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कक्षेत येतो आणि माहिती कळल्यावर ती पोलिसांना देण्याचे बंधन डॉक्टरांवरही असते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव तिच्या व पालकांच्या विनंतीवरून त्या अहवालात उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये डॉक्टरांना दिली आहे. पोलिसांच्या भीतीने मुलीला उपचारापासूनच दूर ठेवणे हा मार्ग नव्हे.

बळजबरी झाली असेल तर?

आधी जवळच्या रुग्णालयात जावे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारग्रस्त स्त्रीवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते नाकारणे हा गुन्हा आहे. उपचारासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवून या असे सांगता येत नाही. तेथे तातडीची गोळी मिळतेच, शिवाय एचआयव्हीपासून बचावाची औषधे मिळतात, आणि तीही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी एचआयव्हीपासून किंवा इतर कोणत्याही गुप्तरोगापासून संरक्षण देत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणारे सखी वन स्टॉप सेंटर असते. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत, मुलांसाठी १०९८.

पाळी आलीच नाही तर?

ठरल्या तारखेनंतर सात दिवस उलटले किंवा संबंधाला तीन आठवडे झाले की लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे निश्चय किट मिळते. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकून पाच मिनिटे थांबायचे असते: एक रेघ म्हणजे दिवस नाहीत, दोन रेघा म्हणजे दिवस आहेत, मग दुसरी रेघ कितीही फिकट असो. एकही रेघ आली नाही तर किट खराब आहे.

दिवस राहिले असतील आणि नको असतील, तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही, आणि अविवाहित स्त्रीलाही तो अधिकार आहे. जितक्या लवकर जाल तितका तो सोपा असतो.

आणि तपासणी काहीही सांगो, गोळीनंतरच्या काही आठवड्यांत ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, घेरी आली किंवा त्यासोबत अंगावरून जाऊ लागले, तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. गोळीमुळे हे होत नाही, परंतु राहिलेला गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढत असेल तर अशी लक्षणे दिसतात आणि नळी फुटल्यास आत रक्तस्राव होतो. तेथे डॉक्टरांना गोळी घेतली होती हे आणि कोणत्या तारखेला घेतली हेही सांगावे.